जनाबाई आणि गिळलेली नावं

पोलोग्राउंड भागातल्या एका लहानशा औषधांच्या कारखान्यात शरच्चंद्र बोकील नावाचे केमिस्ट होते. पुण्याचे बी.एस्सी. ही पदवी त्यांनी दारावरच्या पाटीवर लिहिली होती, सायकलच्या मडगार्डवर रंगवली होती, आणि जेवणाच्या डब्यावर खिळ्याने कोरून घेतली होती. डबा चोरणाऱ्यालाही कळावं, की आतली भेंडीची भाजी शिकल्या-सवरल्या माणसाची आहे.

जनाबाई शितोळे त्या डब्याकडे रोज बघायची आणि मनात म्हणायची, जिथे तिथे लिहून ठेवावं लागतं म्हणजे विसरत असतील बापडे.

जनाबाई त्याच कारखान्यात बाटल्या धुवायची. बाटल्या यायच्या कबाड्याकडून, कुणाच्या घरात काय काय भरून झालेल्या. मोठ्या हौदात गरम पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि त्यात सकाळपासून भोंगा होईपर्यंत कोपरापर्यंत हात. दोन वर्षांत हातांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटायला लागली होती. भाकरी थापताना मीठ झोंबायचं, ते ती सोसायची. पण संध्याकाळी देवापुढे बसून कापसाची वात वळायला घेतली की बोटांच्या भेगांत कापूस अडकायचा, वात लाल व्हायची, आणि ती बाजूला ठेवून शेजारणीकडून वळलेली वात मागून आणावी लागायची. चाळीस वर्षांच्या बाईने देवाची वात उसनी आणायची! याची तिला जेवढी लाज वाटायची तेवढी बाटल्या धुण्याची कधी वाटली नाही.

लाज वाटून घ्यायचं काम तिचे यजमान प्रतापराव करायचे. शितोळ्यांचे कोणी पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. घोडे गेले, दळ गेलं, संस्थान गेलं, मध्य भारत आला आणि गेला, मध्य प्रदेश होऊनही चार-पाच वर्षं झाली, पण प्रतापराव अजून बड्या गणपतीमागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात, तक्तपोसावर मांड ठोकून बसलेले होते. नुसती घोड्याची उणीव होती.

"आमच्या घरच्या बायका पडद्यात राहायच्या," ते म्हणायचे. "आणि तू शिशा धुऊन राहिली!"

"पडदे विकून तुम्हीच पान खाल्लंत," जनाबाई म्हणायची आणि डबा उचलून चालू लागायची.

आता त्या कारखान्यात एक टेबल होतं, लेबलांचं. औषधाचं पिंप उघडलं की केमिस्टने त्यावरचं नाव मोठ्याने पुकारायचं, टेबलावरच्या माणसाने लेबल वाचून तेच नाव पुरं परत म्हणून दाखवायचं, दोन्ही जुळली की मग खळ आणि कुंचला. तिथे मारुती नावाचा म्हातारा वीस वर्षं बसला होता. अक्षय्यतृतीयेला तो काम सोडून गौतमपुऱ्याला आपल्या शेतावर गेला आणि टेबल रिकामं झालं. कोरडं काम, सावलीतलं, बसून करायचं. जनाबाईने दुसऱ्याच दिवशी पदर सावरला आणि ती बोकिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, ते टेबल मला द्या."

बोकिलांनी तपकिरीची चिमूट अर्ध्यावर थांबवली. मग ते हसले. शिकलेला माणूस अडाण्याला हसतो तेव्हा आधी आजूबाजूला कोण कोण बघतंय ते पाहून घेतो, तसं पाहून हसले.

"बाई, किती शिकलीस?"

"मराठी चौथी."

"आणि ही नावं इंग्रजी. एकेक नाव हातभर. हे काय भजन आहे, टाळ्या वाजवून म्हणायला? त्याला जीभ लागते. जिभेवर संस्कार लागतात." एवढं बोलून त्यांनी तपकीर ओढली आणि संस्कारी शिंक दिली. "माझा मेहुणा येणार आहे पुण्याहून, दसऱ्यानंतर. सेठजींशी बोलणं झालंय. तू आपली बाटल्या बघ."

जनाबाई हौदावर परत आली. शेजारी बेबी होती, तिशीतली, तोंडाने फाटकी. "काय म्हणाले?"

"म्हणाले, जीभ लागते."

"मग त्यांना कधी येणार म्हणे ती?"

बेबीचं म्हणणं खोटं नव्हतं. मारुती पिंपावरचं नाव स्वतःच वाचून घ्यायचा; तो गेल्यापासून बोकिलांचा पुकाराच तेवढा उरला, आणि तो ऐकण्यासारखा असायचा. एक हात कमरेवर, नाक छताकडे, आणि, "डायडोऽ हूंऽऽ लीन!" दुसरं पिंप, "हेक्झाऽ हंऽ मीन!" तिसरं, "सल्फाऽऽ डीन!" पहिलं अक्षर घंटेसारखं, शेवटचं तोफेसारखं, आणि मधलं सगळं घशात. दक्षिणा ठरल्याबरोबर भटजी मधले अध्याय गाळून फलश्रुतीला पोचतात, अगदी त्याच चालीवर. कोणी बिचकून "काय म्हणालात साहेब?" असं विचारलं की म्हणायचे, "टेक्निकल आहे, तुला नाही कळणार." टेबलाशी लेबलं चिकटवायला बसवलेल्या बायकांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. परतीचा पुकारा बंदच पडला.

जनाबाईला मात्र एक गोष्ट ठाऊक होती, जी बोकिलांना ठाऊक नव्हती. धुवायला आलेल्या बाटल्यांत कारखान्याच्या स्वतःच्या बाटल्याही परत यायच्या. गरम पाण्यात त्यांची लेबलं सुटून वर तरंगायची. गेली दोन वर्षं ती अशी लेबलं अलगद उचलायची, पदराला टिपायची आणि घरी नेऊन पाटाखाली दाबून वाळवायची. सुरुवातीला नुसती चांगला कागद म्हणून. मग त्यातली अक्षरं ओळखीची वाटायला लागली म्हणून.

बड्या गणपतीजवळच्या दवाखान्यात लक्ष्मण नावाचा कंपाउंडर होता. अख्खी गल्ली त्याला लक्ष्मण भिया म्हणायची. जनाबाई एका मंगळवारी गणपतीचं दर्शन घेऊन, ती लेबलांची चवड घेऊन, त्याच्या खिडकीशी उभी राहिली.

"भिया, हे वाचून दाखवा."

लक्ष्मण भियाने चष्मा कपाळावरून खाली ओढला. "अरे बाप रे! किस को मारना है, जनाबाई?"

"कोणाला नाही. मला म्हणायचंय."

"म्हणायचंय?" त्याने हिला आपादमस्तक न्याहाळलं, पण हसला नाही. बोकील आणि कंपाउंडर यांच्यात शिक्षणाचा फरक होता तो एवढाच. "देखो, हे एक नाव नाही, ही बारात आहे. सगळ्यांना एकदम बघितलं तर गर्दी दिसते. एकेकाला ओळखा. हा 'डाय' म्हणजे दोन. हा 'टेट्रा' म्हणजे चार. 'हेक्झा' सहा. हे गिनतीवाले, नेहमी कोणाच्या तरी पुढे चालतात. मागचा कोण ते बघायचं. 'डाय-आयोडो', म्हणजे आयोडीन दोन वेळा. 'हायड्रॉक्सी' हा त्याच्या मागचा. और सबसे पीछे दूल्हा, 'क्विनोलीन'."

"नवरदेव शेवटी?"

"इंग्रजांची शादी आहे. अपन को क्या!"

त्याने प्रत्येक लेबलाखाली पेन्सिलीने नागरी अक्षरं लिहून दिली, मध्ये रेघा मारून. डाय-आयोडो-हायड्रॉक्सी-क्विनोलीन. हेक्झा-मिथिलीन-टेट्रा-मीन. सल्फा-ग्वानि-डीन. आणि इंग्रजीची सव्वीस अक्षरं एका औषधाच्या पुडीच्या मागे.

पुढचं जनाबाईला कोणी शिकवायला लागलं नाही. लग्नाच्या आधीपासून ती चातुर्मासात द्वारकाबाईंच्या ओसरीवर देवाची हजार नावं म्हणायला बसत आलेली होती. द्वारकाबाई पुजाऱ्याच्या विधवा, दात चार, शिस्त पलटणीची. त्यांचा रिवाज असा, की लांब नाव तोंडावरून धरायचंच नाही. तोंडावरून धरलं की दम संपतो आणि शेपूट लुळं पडतं. आधी शेवटचा तुकडा. तो तोंडात बसला की त्याच्या आधीचा त्याला जोडायचा. मग त्याच्या आधीचा. आणि म्हणताना कोणी एक तुकडा जरी गिळला, तरी सगळ्या बायकांनी पुन्हा पहिल्या नावापासून. एकदा एका वकिलीणबाईने एक नाव घाईत चावून टाकलं, तेव्हा सातशेव्या नावावरून साऱ्याजणी परत फिरल्या होत्या. वकिलीणबाई पुढल्या दिवसापासून आल्या नाहीत. द्वारकाबाई म्हणाल्या, "बरं झालं. देवालाही हाक अर्धवट मारायची सवय होती त्यांना."

तर जनाबाई भाकरी थापता थापता म्हणायला लागली, "लीन. क्विनोलीन. हायड्रॉक्सी-क्विनोलीन. आयोडो-हायड्रॉक्सी-क्विनोलीन. डाय-आयोडो-हायड्रॉक्सी-क्विनोलीन." एका नावाला एक भाकरी.

प्रतापराव तक्तपोसावरून कान टवकारून ऐकत होते. चौथ्या दिवशी त्यांना राहवेना. "हा कुठला मंत्र आहे? मला वश करून राहिलीस का?"

"वश करून घेण्यासारखं काही असतं, तर विचार केला असता."

"मग?"

"औषधाची नावं आहेत. टेबल मिळवायचंय मला."

प्रतापराव इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि पाणी तिलाच द्यावं लागलं. "शितोळ्यांची सून इंग्रजी बोलणार! अरे वा! उद्या गव्हर्नरबाई होशील." संध्याकाळी पानाच्या ठेल्यावर त्यांनी ही गंमत दहा जणांना सांगितली. स्वतःचं सांगण्यासारखं काही नसलं म्हणजे बायकोचं कामाला येतं.

पावसाळा लागला. तिन्ही नावं तिच्या जिभेवर बसली, लेबलंही वाचता यायला लागली. पण हात मात्र हौदातच होते. आणि टेबलाशी एक नवीनच घोर उभा राहिला. बोकील "हूंऽऽ लीन" करून निघून जायचे आणि हौदावरून तिथे बसवलेली बेबी नि बाकीच्या बायका लेबलांच्या गड्ड्यांकडे बघत बसायच्या, कोणतं उचलावं. एकदा चुकीचं लेबल लागता लागता जनाबाईने हौदावरून पाहिलं आणि धावत जाऊन थांबवलं. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत, बोकील आपल्या पदवीधर डब्यातून जेवत असताना, ती देवघरातून आणलेल्या पुड्या काढून प्रत्येक गड्डीच्या कोपऱ्याला खूण करायला लागली. सल्फाच्या गड्डीला कुंकू, आयोडोच्या गड्डीला हळद, हेक्झाच्या गड्डीला बुक्का. पिंपांवरही तशीच बोटं. बायकांनी रंगाला रंग लावायचा. चार महिने एक बाटली चुकली नाही, आणि बोकील सेठजींना सांगत राहिले, "माझ्या देखरेखीचा परिणाम."

खंडेनवमी आली.

कारखान्यात शस्त्रपूजा. शस्त्रं कसली, तर एक तागडी, गोळ्या मोजायच्या दोन पाट्या आणि झाकणं बसवायचं एक करकरणारं यंत्र. पण बोकील पुण्याहून आणलेला रेशमी कद नेसून आले. त्या दिवशी त्यांच्यातला बी.एस्सी. सुट्टीवर होता आणि याज्ञिक कामावर होता. मंत्र त्यांनी म्हटले, तेही मधले गिळून. मग ताम्हन घेऊन निघाले. तागडीला हळद-कुंकू, यंत्राला हळद-कुंकू, सेठजींच्या खुर्चीला, दाराला, पिंपांना. आणि लेबलांच्या कपाटाशी येऊन, प्रत्येक गड्डीवर हळद, कुंकू, बुक्का, वर अक्षता. एकही सोडली नाही. सढळ हात!

बेबीने जनाबाईला कोपर मारलं. "अगं बाई! सगळ्यांवरच लावून राहिले!"

जनाबाई एक पाऊल पुढे झाली. पण बोलणार काय? खुणांचं सेठजींना कळलं तर बेबीपासून सगळ्या घरी बसतील. बोकिलांनी कपाट बंद करून किल्ली जानव्याला बांधली. दसऱ्याला सुट्टी. एकादशीला जेवणाच्या वेळी पुसून नव्याने खुणा करायच्या, असं तिने ठरवलं.

एकादशीला जेवणाची वेळ यायच्या आत भोपाळहून औषधांचे इन्स्पेक्टर आले.

बारीकसा, सावळा, हळू बोलणारा माणूस. मोठ्याने बोलणारे बोकील त्याच्यापुढे अर्धे वाकून चालत होते आणि सेठजी त्यांच्या मागे घाम पुसत. "काम चालू द्या," इन्स्पेक्टर म्हणाले, "मी बघतो."

पिंप उघडलं. बोकिलांनी कमरेवर हात ठेवला, नाक छताकडे नेलं. "डायडोऽ हूंऽऽ लीन!"

बेबीने गड्ड्यांकडे पाहिलं. सगळ्या पिवळ्या, सगळ्या लाल, सगळ्या काळ्या. तिने देवाचं नाव घेतलं आणि एक गड्डी उचलली. इन्स्पेक्टरांनी वरचं लेबल हातात घेतलं, पिंपाकडे पाहिलं, पुन्हा लेबलाकडे पाहिलं.

"यह तो सल्फा है."

"अनपढ़ औरतें हैं, सर," बोकील ताबडतोब म्हणाले.

"तो आप पढ़िए. क्या लिखा है पीपे पर?"

"डायडो... हूंऽलीन, सर."

"बीच का क्या हुआ?"

सेठजींनीही मान पुढे काढली. हा प्रश्न त्यांना कधी सुचला नव्हता. बोकिलांनी घसा साफ केला. हळूहळू म्हणायला गेले, आणि तिथेच फसले. इतकी वर्षं जो भाग कधी तोंडाबाहेर आला नव्हता, तो हाक मारली म्हणून थोडाच येणार? "डाय... हाय... हायडो... डायड्रॉक्..." कपाळावर घाम फुटला. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा त्याच खड्ड्यात. शेवटी ते म्हणाले, "टेक्निकलमध्ये आम्ही शॉर्टमध्ये बोलतो, सर."

"मरीज भी शॉर्टमें चला जाएगा," इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाले. "सेठजी, यहाँ कोई है जो पूरा पढ़ सके? नहीं तो मैं यह टेबल आज बंद करता हूँ."

सेठजींचा चेहरा पिठासारखा झाला. आणि बेबी, जिच्या तोंडात तीळ भिजत नसे, म्हणाली, "जनाबाईला येतं."

जनाबाई हौदावरून आली. कोपरापर्यंत ओले, लाल, सोललेले हात तिने पदरात गुंडाळले. बोकील दातांतल्या दातांत म्हणाले, "काय तमाशा चालवलाय!" तिने तिकडे पाहिलं नाही. पिंपावरची अक्षरं एकदा डोळ्यांनी शेवटपासून मागे मोजली आणि म्हणाली,

"डाय-आयोडो-हायड्रॉक्सी-क्विनोलीन."

इन्स्पेक्टरांनी दुसऱ्या पिंपाकडे बोट केलं.

"हेक्झा-मिथिलीन-टेट्रा-मीन. सहा ते, चार हे."

"तीसरा?"

"सल्फा-ग्वानि-डीन."

"किस बीमारी की दवा है?"

"ते डॉक्टरला विचारा. मला नावं येतात."

इन्स्पेक्टरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग त्यांनी गड्ड्या हातात घेऊन उलटसुलट केल्या. "और आज तक लेबल सही कैसे लगते थे?"

"माझ्या देखरेखीत, सर," बोकील म्हणाले.

बेबी जनाबाईकडे बघायला लागली. गप्प बसलं असतं तर टेबल जवळजवळ हातात होतं. पण एकादशीचा उपास, आणि समोर बाटल्या कुणाच्या तरी पोटात जायच्या. जनाबाई म्हणाली, "मी खुणा करत होते. हळद, कुंकू, बुक्का. नवमीला साहेबांनी सगळ्यावरच पूजा लावली, म्हणून गोंधळ झाला."

"बघा! बघा सर!" बोकिलांना धुगधुगी आली. "लेबलांशी छेडछाड! काढून टाका हिला, सेठजी!"

"गलत किया," इन्स्पेक्टर जनाबाईला म्हणाले. "बहुत गलत. रंग मिट जाता है."

"गलत आहे," ती म्हणाली. "पण साहेब नाव पुरं बोलले असते, तर कुंकू देवालाच लागलं असतं."

सेठजी माणूस व्यवहारी होते. त्यांनी बोकिलांकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, इन्स्पेक्टरांच्या वहीकडे पाहिलं. मेहुण्याला पुण्यालाच राहायला सांगा, एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात डाग पडलेली सगळी लेबलं जाळली, नवी छापून आली, आणि इन्स्पेक्टरांनी लिहून ठेवलं, की नाव पुरं पुकारल्याशिवाय आणि पुरं परत म्हणून दाखवल्याशिवाय कुंचला उचलायचा नाही.

पुढे बोकील सगळ्यांना सांगू लागले, "मीच तयार केली तिला. रत्न पारखावं लागतं." प्रतापराव पानाच्या ठेल्यावर सांगू लागले, "शितोळ्यांच्या घरात हुकमी आवाज पिढीजातच." लक्ष्मण भियाने मात्र काही सांगितलं नाही. तिने नेऊन दिलेले साबुदाण्याचे वडे खाल्ले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत हातांवर नवी कातडी आली होती. साडेसातशे पदरांची त्रिपुरवात तिने घरी बसून स्वतः वळली. पांढरी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इन्स्पेक्टर येऊन गेल्यापासून पहिल्यांदाच, आयोडोचं पिंप उघडलं. जनाबाई टेबलामागे, समोर खळीची वाटी, हातात कुंचला. बोकिलांनी सवयीने कमरेवर हात ठेवला.

"डायडोऽ हूं..."

"पुन्हा, साहेब," जनाबाई म्हणाली. "पहिल्यापासून."

"डाय-आयोडो... हायडॉक्..."

"पुन्हा."

हौदावर नवीन लागलेल्या दोन बायका माना वळवून बघत होत्या. बोकिलांचं नाक छतावरून हळूहळू खाली आलं, पिंपावरच्या अक्षरांना लागलं.

"शेपटीपासून धरा," ती म्हणाली. "लीन म्हणा आधी."

"लीन," बोकील म्हणाले.